आखाजीला घरातल्या फोनांचं साल कसं बदलावं

आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बदलतं. जुना हिशेब मिटतो, नवा ठरतो. गेली सात-आठ वर्षं घरातल्या फोनांचं सालही मी त्याच सुट्टीत बदलते. ठरवून काही सुरू केलं नव्हतं. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला अमळनेर तालुक्यातल्या माहेरी पोचले, पाय धुतले, अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याकडे वळले, तर मायने परात पुढे केली. परातीत पाच फोन. "हाऊ चार्जच व्हत नही, अन हाऊ बोलतच नही." झोका राहिला. आता परातीत नऊ फोन असतात, त्यातले दोन शेजारचे.

मी नाशिकला एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळते. इंजिनियर नाही. पण अपडेट आलं की त्यात काय बदललं ते वाचल्याशिवाय मला झोप येत नाही. नवरा म्हणतो, बायका दागिन्यांच्या जाहिराती बघतात आणि ही चेंजलॉग. तेव्हा हे जे लिहिते आहे ते परातीतून शिकलेलं आहे. तुम्हीही गावी गेल्यावर घरातले 'मोबाईल डॉक्टर' होत असाल, तर दोन दिवसांत काय, कुठल्या क्रमाने करायचं, ते सांगते.

पिशवीत काय घ्यायचं

६४ किंवा १२८ जीबीचा ओटीजी पेनड्राइव्ह, ज्याला एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला साधं यूएसबी असतं. एक खात्रीचा चार्जर आणि दोन केबली. सिमचा ट्रे काढायची पिन (मी कानातल्याची तार वापरून एकदा माइकचं भोक फोडलं आहे, तुम्ही नका वापरू). लाकडी टूथपिक. शंभर पानी वही.

यातली सगळ्यात कामाची वस्तू टूथपिक. आमच्याकडे कापूस. वेचणीच्या दिवसांत सदऱ्याच्या खिशात, ओच्यात, सगळीकडे तंतू. फोन त्याच खिशात. चार्जिंगच्या भोकात तो तंतू आणि धूळ दाबून दाबून बसते, केबल पूर्ण आत जात नाही, आणि माणूस समजतो फोन गेला. फोन बंद करा, टूथपिकने तळाशी हलक्या हाताने खरवडा, लोकराच्या गोळ्यासारखा मळ बाहेर येईल. सुई किंवा पिन नको. आतले सोनेरी पत्रे वाकतात, शॉर्टही होऊ शकतात. मायचा 'चार्जच व्हत नही' वाला फोन असाच दोन मिनिटांत बरा झाला होता आणि माझी गावात कीर्ती झाली. पुढचा सगळा त्रास त्या कीर्तीतून आला.

पहाटे पाचला उठा

हे गमतीने सांगत नाही. आखाजी म्हणजे एप्रिलअखेर किंवा मे. दुपारी पारा ४३-४४ वर, भुसावळ-जळगावकडे कधी त्याच्याही वर. फोनच्या आतली लिथियमची बॅटरी उष्णतेला फार नाजूक असते. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालची हवा ० ते ३५ अंश असावी असं सांगतं, आणि त्याहून गरम हवेत वापरला तर बॅटरीची ताकद कायमची घटू शकते असंही सांगतं. दुसऱ्या कंपनीचा फोन असला म्हणून बॅटरीची रसायनं काही वेगळी होत नाहीत. म्हणजे आपल्या खान्देशात मार्च ते जून, भर दुपारी, प्रत्येक फोन आपल्या मर्यादेबाहेर जगत असतो. त्यात अपडेट म्हणजे प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालणार, वरून चार्जिंग लावलेलं. भट्टीच.

म्हणून मोठी कामं पहाटे पाच ते सात. कव्हर काढून ठेवायचं. फोन गादीवर किंवा गोधडीवर नाही, फरशीवर. पत्र्याखाली तर अजिबात नाही. कूलरपुढे ठेवायला हरकत नाही, पण कूलरला चिकटून नको, त्यातून तुषार येतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने तापलेला फोन माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. "माठ पाणी गार करतो, फोन का नाही करणार?" तर्क बिनतोड होता. स्पीकर आठ दिवस पाण्यात बुडाल्यासारखा बोलत होता. फ्रिजमध्ये ठेवणारेही आहेत. बाहेर काढल्यावर गार काचेला जसा घाम सुटतो तसा फोनच्या आतही सुटतो, आणि तो पुसता येत नाही.

आधी माणसाला विचारा

पहिल्या दोन वर्षी मी ही पायरी गाळली. परातीतला फोन उचलायचा, सेटिंग्ज उघडायच्या, सगळं नवं, सगळं स्वच्छ. मग नाशिकला पोचेपर्यंत फोन: "तू काय करून गेलीस? माझं ते दिसत नाही."

'ते' म्हणजे काय, हेच मला माहीत नसायचं. आता वहीचं एक पान एका माणसाला. नाव, आणि खाली तो फोनवर रोज काय करतो ते त्याच्याच शब्दांत. आबांच्या पानावर आहे: बाजारभाव, मोटर, पीक पाहणी, कापसाचे फोटो. जिजीच्या, म्हणजे आजीच्या पानावर: भजन, हरिपाठ, पणतूचं तोंड बघणं. वहिनीच्या: बचत गट, दुकानाचं पेमेंट. पुतण्याच्या पानावर त्याने स्वतः 'अभ्यास' असं लिहिलं आहे.

काम संपल्यावर या यादीतली प्रत्येक गोष्ट त्या माणसाने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवायची. मी करून दाखवलं तर ते धरत नाही.

'कापसाचे फोटो' हे आबांच्या पानावर कसं आलं तेही सांगते. एका वर्षी त्यांचा ३२ जीबीचा फोन गच्च भरला होता. गॅलरीत शेदीडशे फोटो कागदाच्या चिटोऱ्यांचे, अर्धे वाकडे, अर्धे धूसर. मी ते उडवले, आणि नीटनेटकेपणाची खोड म्हणून कचरापेटीही रिकामी केली. त्या सगळ्या काटापट्ट्या होत्या. कुठल्या दिवशी किती क्विंटल मापात भरला, व्यापाऱ्याशी हिशेब करायचा तो पुरावा. मी सांगितलं तेव्हा आबा काही बोलले नाहीत. बंडीच्या खिशातून डायरी काढली, तीत प्रत्येक काटापट्टी पेन्सिलीने उतरवलेली होती. "बॅकअप म्हणतेस ना तू ज्याला," म्हणाले.

तेव्हापासून आधी पेनड्राइव्ह, मग कचरा.

जागा मोकळी करणं

दोन दिवसांतला निम्मा वेळ इथे जाणार हे धरून चाला.

फोनची साठवण भरत आली की फोन संथ होतो, आणि लोकांना वाटतं फोन म्हातारा झाला. कारण असं की आतल्या फ्लॅश मेमरीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक हाताशी असले तर काम झटपट होतं, नसले तर प्रत्येक वेळी आवराआवर करून मग लिहावं लागतं. धान्य ओतायला खळं मोकळं नसलं तर गाड्या रस्त्यात उभ्या राहतात, तसं. मी १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी ठेवते. एकदा मोकळी केल्यावर फोन रात्री चार्जिंगला लावून तसाच पडू द्या. अँड्रॉइड स्वस्थ असताना आणि चार्जिंगवर असताना पुसलेली जागा आतून साफ करून घेतं. २०१३ पासून ही सोय आहे. सकाळी फोन हलका वाटतो तो भास नसतो.

जागा खाणारा नव्वद टक्के वेळा व्हॉट्सअ‍ॅप. सुप्रभात, शुभ रात्री, वाढदिवसाचे बॅनर, कीर्तनाचे व्हिडिओ, आणि एकच फोटो सहा ग्रुपांतून सहा वेळा. सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथे वरच दोन खण दिसतात: 'अनेक वेळा फॉरवर्ड झालेलं' आणि '५ एमबीपेक्षा मोठं'. पहिला खण फारसा विचार न करता रिकामा करा, पण त्या माणसाला शेजारी बसवून. दुसरा एकेक बघून. लग्नाचा व्हिडिओ तिथेच असतो.

लगेच त्याच पानावर मागे येऊन मोबाईल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. चॅट्समध्ये जाऊन मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे ग्रुपचे फोटो गॅलरीत घुसणार नाहीत. हे दोन बटणं बंद केली नाहीत तर पुढच्या आखाजीला परातीत तोच फोन तशाच अवस्थेत येतो.

बॅकअपबद्दल एक गोष्ट घरोघर चुकते. गूगल फुकट १५ जीबी देतं, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप यात मोजत नसत, २०२४ पासून मोजतात. त्यामुळे 'बॅकअप चालू आहे' असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात तो चार महिन्यांपासून अडकलेला असतो. चॅट बॅकअपमध्ये शेवटची तारीख बघा. जुनी असेल तर बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, बहुतेक वेळा तेवढ्याने वाट मोकळी होते. फोटो पेनड्राइव्हवर घ्या. प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर, आत वर्ष.

आता अपडेट

इथे घाई करणारे आणि घाबरणारे असे दोन पंथ आहेत. आमचे काका दुसऱ्या पंथाचे: "अपडेट केलं की फोन हळू होतो, म्हणजे नवा घ्यायला लावतात." त्यांच्या फोनवर 'नंतर आठवण करा' हे बटण झिजलं असेल. मी त्यांना पूर्ण खोटं पाडत नाही. मोठ्या अपडेटनंतर दिवस-दोन दिवस फोन तापतो, बॅटरी भराभर उतरते. कारण आत प्रत्येक अ‍ॅप नव्या व्यवस्थेसाठी पुन्हा जुळवून घेणं चालू असतं. तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तक्रार खरी.

सरसकट 'अपडेट' असं काही नसतं, हे मात्र घरच्यांना समजावून सांगते. प्ले स्टोअरमधली अ‍ॅपं वेगळी, दर महिन्या-दोन महिन्यांनी येणारा सुरक्षा पॅच वेगळा, आणि वर्षातून एकदा येणारी अँड्रॉइडची नवी आवृत्ती वेगळी. पॅच म्हणजे कुंपणाला पडलेलं भगदाड बुजवणं. तो आला की घ्यायचा, विचार करायचा नाही. नवी आवृत्ती म्हणजे घराची डागडुजी. तिला मी दोन-तीन आठवडे थांबते, लोक काय म्हणतात ते वाचते, आणि आबांचा फोन सगळ्यात शेवटी. अ‍ॅपांचंही सगळं एकाच दिवशी उचलू नये. २०२१ च्या मार्चमध्ये अँड्रॉइडच्या वेबव्ह्यू नावाच्या एका सुट्या भागाचं बिघडलेलं अपडेट गेलं आणि जगभर लोकांची अ‍ॅपं उघडताक्षणी बंद पडू लागली. वेबव्ह्यू म्हणजे अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवणारा तुकडा, कितीतरी अ‍ॅपं त्याच्यावर टेकलेली. दुरुस्तीही लगेच आली, पण ज्यांनी आठवडाभर काही केलं नव्हतं त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

माझा क्रम: बॅटरी निम्म्याच्या वर, चार-पाच जीबी मोकळी जागा, बॅकअप झालेला, पहाटेची वेळ. मग पॅच, मग बँकेची आणि पेमेंटची अ‍ॅपं, मग व्हॉट्सअ‍ॅप, बाकीची सवडीने.

गावात वायफाय नाही. ज्या घरी आहे तिथे वीज गेली की राउटर गेला. मग हॉटस्पॉट. रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, आणि अपडेटच दोन जीबीचं. यावर युक्ती अशी की रात्री साडेअकराला सुरू करायचं. बाराच्या आधी आजचा कोटा संपवायचा, बारानंतर उद्याचा. उतरवणं मध्येच थांबलं तरी बहुतेक फोन राहिलेल्या ठिकाणापासून पुढे घेतात. उतरवणं रात्री, बसवणं पहाटे.

बसवताना वीज गेली तर? फोनला बॅटरी आहे, काही होत नाही. शिवाय २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनांत दोन खणांची व्यवस्था आहे: चालू असलेली व्यवस्था एका खणात तशीच राहते, नवी दुसऱ्या खणात बसते, आणि फोन पुन्हा सुरू होताना खण बदलतो. नव्या खणात काही बिनसलं तर जुन्यावर परत. स्वस्त फोनांत ही सोय असेलच असं नाही, म्हणून बसवणं सुरू असताना बटणाशी खेळणाऱ्या पोरांना लांब ठेवायचं.

आता ज्या फोनला अपडेट येणंच बंद झालं आहे त्याचं काय? सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, त्यात अँड्रॉइड व्हर्जन, त्यात सिक्युरिटी पॅचची तारीख. ती तारीख तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवायचं नाही, हा माझा घरातला कायदा. फोन फेकायचा नाही. तो भजनाचा होतो, टॉर्चचा होतो, पोराच्या यूट्यूबचा होतो. लॅबमध्येही आम्ही हेच केलं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोज ११ न चालणारी जुनी यंत्रं टंकलेखनाच्या सरावाला लावली, इंटरनेट काढून.

आणि नवा घेताना दुकानदाराला मेगापिक्सेल विचारू नका, तो स्वतःहून सांगतो. 'अपडेट किती वर्षं?' विचारा. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ पासून महागड्या फोनांना सात वर्षांचं वचन मिळू लागलं आहे. स्वस्तांत ते बरेचदा कमी असतं. अमळनेरच्या बाजारात मी हा प्रश्न विचारला तेव्हा दुकानातल्या पोराने मला पंख्याखाली खुर्ची दिली. त्याला वाटलं ऊन लागलं असावं.

आबांचं पान

बाजारभाव म्हणजे ग्रुप, तो चालतो. पीक पाहणीला मात्र वेळ द्यावा लागतो. ई-पीक पाहणी २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर आली, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा. मागल्या खरिपात आबांचं अ‍ॅप म्हणत राहिलं की तुम्ही तुमच्या गटापासून दूर आहात. आबा बांधावर उभे. शेवटी कारण सापडलं: अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅप ठिकाण विचारतं तेव्हा 'नेमकं' आणि 'अंदाजे' असे दोन पर्याय येतात, आणि आबांनी सावधपणे 'अंदाजे' दाबलं होतं. अंदाजे म्हणजे शिवारच्या शिवार. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्यांत जाऊन लोकेशनखालचं 'प्रिसाइज' सुरू करा.

दुसरं, शेतात रेंज नाही म्हणून जीपीएस चालणार नाही, ही समजूत चूक. जीपीएस उपग्रहाकडून येतो, टॉवरकडून नाही. फक्त रेंज नसली की पहिल्यांदा ठिकाण धरायला त्याला जास्त वेळ लागतो. झाडाखाली उभं राहू नका, उघड्यावर दोन-तीन मिनिटं थांबा.

पावसाळ्यापूर्वी आबांच्या आणि सालदाराच्या फोनवर 'दामिनी' टाकून देते. पुण्याच्या आयआयटीएमचं, म्हणजे उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं, अ‍ॅप आहे, आपण आहोत तिथून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देतं. रोहिणी-मृगात माणसं रानात असतात. त्याची नोटिफिकेशन आणि लोकेशन दोन्ही चालू आहेत ना ते बघा, नाहीतर ते शोभेला.

मोटरीची गोष्ट वेगळीच. विहिरीवरच्या स्टार्टरला जोडलेल्या डबीत सिम असतं, घरून फोन केला की मोटर सुरू. शेतीची वीज रात्री येते, म्हणून ही डबी म्हणजे झोपेचं यंत्र. काकांच्या मुलाने पैसे वाचवायला त्या डबीतलं सिम दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलं. रिचार्ज स्वस्त, रेंज भरपूर, मोटर ढिम्म. चार रात्री तो टॉर्च घेऊन विहिरीवर जात होता आणि वायरमनला शिव्या देत होता. डबीतला मोडेम टूजीचा, आणि नव्या कंपनीचं जाळं फोरजीपासूनच सुरू होतं. तिच्याकडे टूजी नाहीच. सिम बरोबर, डबी बरोबर, दोघांची भाषा वेगळी. पोर्ट करण्याआधी डबीच्या मागचा कागद वाचा, टूजी आहे की फोरजी. सिम बदललं तर डबीत आबांचा नंबर पुन्हा नोंदवावा लागतो का, तेही बघा.

जिजीचं पान

अक्षर मोठं करा, पण नुसता फाँट मोठा केला की बटणं तशीच राहतात. त्याच्या खालचा 'डिस्प्ले साइझ'ही एक घर वाढवा. पहिल्या पडद्यावर फक्त पाच चौकटी. व्हिडिओ कॉलसाठी पणतूच्या आईचा शॉर्टकट थेट पडद्यावर, तिचा फोटो लावून. जिजीला वाचता येत नाही, चेहरे येतात.

बोलून शोधणं तिला फार आवडतं. गूगलला मराठी बोललेलं २०१७ पासून कळतं. अहिराणी कळत नाही. जिजी फोन तोंडाजवळ धरून सांगते, "हरिपाठ लायी दे भो," आणि पडद्यावर काहीतरी भलतंच उमटतं. एकदा तर लायटरची दुकानं आली. मग आम्ही ठरवलं, फोनशी बोलताना शाळेतल्या बाईंशी बोलतो तसं बोलायचं. आता ती घसा खाकरून, पदर सावरून 'हरिपाठ लावा' म्हणते. फोनला अहो-जाहो करणारी गावात ती एकटीच.

तिच्या फोनवर अचानक 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत' असं यायला लागलं होतं. व्हायरस एकही नव्हता. कुठल्यातरी वेबपानाने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं, आणि हो दाबलं गेलं. त्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की ती कुठल्या साइटकडून आली ते दिसतं; तिथूनच बंद करता येते. नाहीतर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, आणि 'परवानगी दिलेल्या' यादीतलं सगळं झाडून टाका. घरातल्या प्रत्येक फोनवर हे बघाच.

लग्नपत्रिका

हे मी सगळ्यांना परातीभोवती बसवून सांगते, कारण आखाजी म्हणजे लग्नसराई. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका येते. फोटो किंवा पीडीएफ असेल तर पत्रिका. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे, पत्रिका नाही. तीच गोष्ट आरटीओच्या चलानाची, तीच शेतकरी योजनेच्या यादीची. ते बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. ओळखीचा नंबर ही खात्री नाही. त्या बिचाऱ्याचाही फोन तसाच गेलेला असतो.

बंदोबस्त एकदाच करायचा: सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' शोधा. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स, प्रत्येकासमोरचं बटण बंद. मग चुकून बोट पडलं तरी फोन आधी अडवतो.

कोणी बसवून बसलाच, तर पहिल्यांदा फोन एअरप्लेन मोडवर, वायफायही बंद. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला कॉल करा, मग बँकेला. लाज वाटून संध्याकाळपर्यंत थांबणारे पैसे गमावतात. १९३० हा आकडा मी आमच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. यूपीआयचं एकच वाक्य त्याच्या खाली: पिन टाकला म्हणजे पैसे गेले, पैसे यायला पिन लागत नाही.

अमळनेरात ही काळजी जरा जास्तच घ्यावी लागते. विप्रो मूळची इथली, १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेली, आणि त्या काळापासूनचे शेअर सांभाळून ठेवलेली घरं गावात आहेत. साधं धोतर, साधा सदरा, हातात आठ हजारांचा फोन, आणि त्या फोनवर कशाकशाचा ओटीपी येतो ते सांगवत नाही.

जुना फोन पुढे देताना

माझा जुना फोन दर दोन-तीन वर्षांनी वहिनीकडे, वहिनीचा जिजीकडे. नुसता रिसेट मारून देऊ नका. आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, पडद्याचं कुलूप काढा, मग रिसेट. खातं तसंच ठेवून रिकव्हरीतून (फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) पुसलात तर पुन्हा सुरू करताना फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो; चोरी रोखायला २०१५ पासून ही सोय आहे आणि ती घरच्यांनाही ओळखत नाही. बँकेच्या अ‍ॅपांतून आधी बाहेर पडा. ई-सिम असेल तर ते नव्या फोनवर गेलं याची खात्री होईपर्यंत जुना पुसायचा नाही. आणि पाठ फुगलेला, झाकण उचललेला फोन कोणालाच द्यायचा नाही: चार्ज करू नका, दाबू नका, बॅटरी बदलून घ्या.

सगळं झाल्यावर वही आबांकडे ठेवून यायची, पिन-पासवर्ड न लिहिता. नुसतं काय केलं आणि कधी केलं. पुढच्या वर्षी तिथून सुरुवात होते.

यंदा तिसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याची गाडी धरायची होती. मायने कुरडया, पापड आणि सांजोऱ्यांचा डबा बांधून दिला. झोक्यावर बसायला दहा मिनिटं सापडली होती. दोरी हातात धरली, पाय जमिनीवरून उचलला, तेवढ्यात शेजारच्या मामी पदराखाली काहीतरी झाकून फाटकातून आत आल्या. "काही नही वं बाई, पत्रिका उनी व्हती एक. दाबी तर उघडतच नही."

मी झोक्यावरून उतरले. फोन हातात घेतला, आधी एअरप्लेन मोड.